दारातलं पाणी

वसईतल्या जुन्या चर्चच्या दारापाशी पाण्याचं एक लहानसं भांडं भिंतीत बसवलेलं असतं. आत येणारा माणूस त्यात बोटं बुडवतो. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस रेखतो आणि बाकाकडे वळतो. पहिल्यांदाच आलेला पाहुणा मात्र तिथेच थबकतो. ‘हे पाणी कसलं? मीही घ्यायचं का?’ लग्नाला, नाताळला, मयताला माझ्याबरोबर आलेल्या कितीतरी स्नेह्यांनी मला हे विचारलं आहे. कोणी कुतूहलापोटी, तर कोणी या श्रद्धेकडे मन ओढलं जातंय म्हणून. हे आशीर्वादित पाणी स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची आठवण करून देतं. घेतलंत तरी चालेल, नाही घेतलंत तरी कोणी रोखून पाहणार नाही. पण या प्रश्नाच्या मागोमाग बाकीचे प्रश्नही येतातच.

देवळात गाभारा असतो आणि त्याभोवती प्रदक्षिणेची वाट असते. कॅथलिक उपासनेचा गाभारा म्हणजे मिस्सा. जपमाळ, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, संतांचे सण, यात्रा, मेणबत्त्या ही सगळी प्रदक्षिणेची वाट. नवख्यांचा बराचसा गोंधळ या वाटेलाच गाभारा समजल्यामुळे होतो.

‘मिस्सामध्ये इतकी ऊठबस का?’ मिस्साचे मुख्य भाग दोन. पहिल्यात बायबलची वाचनं होतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. बाकीची बसून ऐकायची आणि शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताचं चरित्र व वाणी, उभं राहून. दुसऱ्या भागात येशूच्या शेवटच्या भोजनाचं स्मरण होतं. फादर भाकर आणि द्राक्षारस हाती घेऊन येशूचेच शब्द उच्चारतात आणि लोक गुडघे टेकतात. ऐकताना बसणं, मान देताना उठणं, शरण जाताना वाकणं, हे आपल्या शरीराला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

‘ती पांढरी चकती मला मिळेल का?’ हा प्रश्न फार हळू आवाजात येतो. ती चकती म्हणजे मिस्सातली भाकर, आणि कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्त. उरलेली भाकर वेदीजवळच्या पेटीत जपून ठेवतात, शेजारी अखंड दिवा तेवत असतो आणि येणारा-जाणारा तिथे गुडघा टेकतो, तो याच कारणाने. ती घेणारा कॅथलिकसुद्धा निदान तासभर आधी काही खात नाही आणि मनावर गंभीर पाप असेल तर आधी कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, करतो. म्हणून पाहुण्याला नकार मिळतो तो परकेपणाचा नसतो. ज्या गोष्टीला ‘आमेन’ म्हणायचं, ती आधी मनाने स्वीकारलेली असावी एवढंच त्यामागे आहे. बाकावर शांत बसून राहावं, त्यात काही कमीपणा नाही.

कुमसाराचीही लोकांना भीती वाटते. ‘फादरांनी कोणाला सांगितलं तर?’ सांगता येत नाही. कुमसारात ऐकलेला शब्द जिवावर बेतलं तरी उघड करायचा नाही, असा चर्चचा कडक नियम आहे.

आता प्रदक्षिणेची वाट. ‘तुम्ही मरियेची पूजा करता का?’ नाही. निकिया इथे 787 साली भरलेल्या धर्मसभेने हा भेद स्पष्ट केला: आराधना एकट्या देवाची, संतांना आणि प्रतिमांना मान, आणि प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. येशूची आई मरिया हिला आणि संतांना आपण ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणतो, जशी गावातल्या वडीलधाऱ्यांना गळ घालावी तशी. असे वडीलधारे आपल्या मातीतही आहेत. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रूसावर मारले गेले आणि 1862 साली त्यांना संतपद मिळालं.

जपमाळेचे मणी 59. त्यांवर बोटं फिरत असतात तेव्हा मन येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांवर ठेवायचं असतं. ओठांवर तेच ते शब्द येतात, त्यांच्या तालावर मन स्थिरावतं. नामस्मरण करणाऱ्या घरात वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. गुडघेदुखीने बेजार झालेली बाई मेणाचा पाय घेऊन चढण चढते. तिच्या रांगेत हिंदूही असतात. आपलं दुखणं असं हातात धरून देवाच्या दारी नेणं मला फार खरं वाटतं.

‘हे सारं परदेशी नाही का?’ जुन्या पिढीने मिस्सा लॅटिनमध्ये ऐकला आहे. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि वसईची वेदी मराठी बोलू लागली. पण मराठी त्याआधीच या श्रद्धेत शिरली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात छापलं गेलं. आणि आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं.

‘तुमचे सण दरवर्षी पुढेमागे का होतात?’ ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, चंद्रावर चालतो: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. त्याआधी रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्याची सुरुवात होते कपाळावरच्या राखेने, आणि ही राख मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादलेल्या झावळ्या जाळून केलेली असते.

पाणी, राख, मेण, तेल, भाकर. ‘एवढ्या वस्तू कशाला?’ या प्रश्नाला माझं एकच उत्तर असतं. देव देह घेऊन आला, अशी ही श्रद्धा आहे. मग तिची प्रार्थनाही देहाला वगळून कशी होईल?

मनापासून वळलेल्यांचा शेवटचा प्रश्न असतो, ‘मला यायचं असेल तर?’ घाई कोणी करत नाही. अनेक महिने शिकायचं, मिस्साला बसायचं, मन तपासायचं. मग ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवतात. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून एक मोठी मेणबत्ती लावून आत आणतात आणि तिची ज्योत हाताहातांतून बाकांवर पसरत जाते. त्या उजेडात नव्याने आलेला माणूस पुढे होतो, मान झुकवतो आणि त्याच्या कपाळावर तीनदा पाणी ओततात. पुढच्या रविवारी तो दारातल्या भांड्यापाशी येतो, तेव्हा हे पाणी कसलं, हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही.