एका क्रियापदाच्या सहवासात

स्पॅनिश भाषेच्या अध्ययनास आरंभ करून आता पुष्कळ वर्षे लोटली. त्या काळाचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे रूपावल्या, नियम आणि अपवाद यांचा पसारा अंधुक होत जातो व एकच क्रियापद ठळकपणे पुढे उभे राहते, ते म्हणजे 'केदार'. हे नाव कानी पडताच मराठी माणसाला जोतिबाच्या डोंगरावरील केदारलिंगाचे किंवा रात्रीच्या प्रथम प्रहरी गायिल्या जाणाऱ्या रागाचे स्मरण व्हावे हे साहजिकच. परंतु या केदाराचे कुळ लॅटिन असून 'शांत करणे' या अर्थाच्या धातूपासून तो निपजला आहे. शांत होणे, मग स्थिर होणे, मग आहे तेथे राहणे, आणि सर्व निघून गेल्यावर जे राहते ते उरणे, असा त्याचा प्रवास झाला. 'केदो' म्हणजे निवांत, हळू आवाजात, हे विशेषण त्या मूळ अर्थाची खूण म्हणून आजही भाषेत वावरते.

प्रारंभीच्या वर्षांत आम्हां विद्यार्थ्यांच्या हाती असलेली पुस्तके इंग्रजीतून स्पॅनिश शिकविणारी होती, आणि त्यांत या क्रियापदाचा परिचय म्हणजे अर्थांची एक लांबलचक यादी असे: राहणे, उरणे, अमुक ठिकाणी असणे, शोभणे, ठरविणे, होणे, स्वतःकडे ठेवणे. प्रत्येक अर्थापुढे एक नमुनेदार वाक्य दिलेले असे आणि ती सारी कलमे एखाद्या दफ्तरातील तपशिलाप्रमाणे पाठ करावयाची असत. या पद्धतीने परीक्षा उत्तीर्ण होता येते, भाषा येत नाही. कारण यादी वाचणाऱ्याची अशी समजूत होते की येथे सात निराळी क्रियापदे योगायोगाने एकाच नावाने नांदत आहेत, आणि बोलताना त्यांतील कोणते उचलावे याचा निर्णय होईपर्यंत संभाषण पुढे निघून गेलेले असते.

या कोंडीतून वाट सापडली ती इंग्रजीची मध्यस्थी सुटल्यावर. कपड्यांच्या दुकानात सदरा अंगावर चढवून पाहणारा स्पॅनिश माणूस 'मे केदा ग्रांदे' असे म्हणतो. इंग्रजीच्या वाटेने गेल्यास हे वाक्य आधी मोडून मग नव्याने जुळवावे लागते. मराठीत मात्र ते शब्दाला शब्द लावून तयारच आहे: 'मला मोठा होतो'. सदरा कर्ता आणि माणूस चतुर्थीत, ही रचना आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. टपालकचेरी दूर असेल तर तो 'मे केदा लेखोस' म्हणतो, आणि आपणही 'मला लांब पडते' असेच म्हणतो. जेथे माणूस काही करीत नाही, त्याच्या बाबतीत काही होते, पडते, उरते, तेथे त्याला कर्तेपणावरून पायउतार करून चतुर्थीत बसविण्याची रीत या दोन्ही भाषांच्या हाडीमासी खिळलेली आहे.

पुढे 'राहणे' या आपल्या क्रियापदाकडे लक्ष गेले तेव्हा तर सख्य अधिकच जुळले. स्त्री गरोदर 'राहते' हे आपण म्हणतो तसेच स्पॅनिश लोकही याच क्रियापदाने म्हणतात. एखादे दृश्य पाहून माणूस बघत 'राहतो', तेथेही 'से केदो मिरांदो'. काम करावयाचे 'राहून जाते', तर तिकडे ते 'केदा पोर आसेर'. फार काय, हिशेब चुकता करून उरलेली मोड परत न घेणारा गिऱ्हाईक माद्रिदमध्ये 'केदेसे कोन ला व्वेल्ता' म्हणतो, आणि आपल्याकडे तोच माणूस 'राहू द्या' एवढ्यावर भागवितो. गोव्यातील ज्या पिढीच्या कानांवर पोर्तुगीज रुळलेली होती तिला हे अधिकच सोपे जावे, कारण तेथे 'फिकार' हे क्रियापद जवळजवळ हेच ओझे वाहते.

तथापि हे सख्य सर्वत्र पुरत नाही, आणि नेमके जेथे ते तुटते तेथेच खरा अभ्यास सुरू होतो. 'केदार' पुढे 'कोन' आले की कोणाशी तरी भेट मुक्रर झाली. 'एन' येऊन त्यापुढे दुसरे क्रियापद आले की काही करण्याचे ठरले. आणि तेच क्रियापद आत्मवाचक होऊन 'केदार्से कोन' असे आले की वस्तू ताब्यात राहिली. दुकानदारापुढे दोन वस्तू असता 'मे केदो कोन एस्ते' म्हणणारा ती निवडून घेतो. पण 'कोन' पुढे वस्तूऐवजी माणूस आला, तर स्पेनात त्याचा अर्थ त्या माणसाची थट्टा करणे असाही होतो. म्हणजे अर्थ क्रियापदाच्या पोटात फारसा नसून त्याच्या शेजाऱ्यांत आहे.

ही गोष्ट कोलंबियाच्या रुफिनो होसे क्वेर्वो या विद्वानाने फार पूर्वीच ओळखली होती. कोणता शब्द कोणाच्या संगतीने कसा चालतो एवढ्याचाच कोश रचण्याचे काम त्याने १८७२ मध्ये आरंभिले. १८८६ व १८९३ मध्ये दोन खंड काढून तो 'डी' अक्षरापर्यंत पोहोचला आणि १९११ मध्ये पॅरिसला निवर्तला. उरलेली अक्षरे त्याच्या मागून आलेल्यांनी हाती घेतली, व कोश पुरा झाला तो १९९४ मध्ये. स्पॅनिश अकादमीचा पहिला मोठा कोश १७२६ ते १७३९ या अवघ्या तेरा वर्षांत सहा खंडांनिशी प्रसिद्ध झाला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे अर्थ सांगणे आणि संगत सांगणे यांतील श्रमाचे अंतर कळते. मारिया मोलिनेर या बाईंनी घरच्या मेजावर वर्षानुवर्षे खपून १९६६-६७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगकोश मला या वाटेवर सर्वांत जवळचा वाटत आला आहे. अकादमीने १९७२ मध्ये त्यांना सदस्यत्व नाकारले, यात अकादमीची शोभा वाढली असे कोणी म्हणणार नाही.

सरकारी भाषेत या क्रियापदाचा निराळाच रुबाब असतो. 'केदा प्रोइबिदो' म्हणजे आपल्या जाहीरनाम्यांतील 'मनाई करण्यात येत आहे'. पोलिस अंमलदार आरोपीस 'केदा उस्तेद देतेनिदो' असे म्हणाला की ती अटक. मार्च २०२० मध्ये स्पेनात आणीबाणीचा अंमल सुरू झाला तेव्हा 'केदाते एन कासा', घरी राहा, हे आज्ञार्थी रूप देशभर दुमदुमले. आणि २५ ऑक्टोबरपासून आलेली रात्रीची संचारबंदी लोकांच्या तोंडी 'तोके दे केदा' झाली. लोकांनी रात्री घरोघरी निवांत व्हावे म्हणून पूर्वी वाजविण्यात येणारी घंटा म्हणजे 'केदा'. लॅटिनमधील ती मूळची शांतता शतकानुशतके या शब्दात टिकून होती. ती संचारबंदी ९ मे २०२१ रोजी संपुष्टात आली.

अलीकडच्या वर्षांत मला अधिक मौज वाटू लागली आहे ती किल्ल्यांच्या वाक्यात. 'से मे केदारोन लास याबेस एन कासा' म्हणजे 'माझ्या किल्ल्या घरी राहिल्या'. दोन्हीकडे विसरण्याचा दोष बोलणाऱ्याने सफाईने किल्ल्यांवर ढकललेला असतो. परंतु स्पेनच्या पश्चिमेस, लेओन आणि एक्स्त्रेमादुरा या बाजूला, हेच क्रियापद 'ठेवणे, टाकून येणे' या अर्थाने सकर्मक चालते, आणि तेथील माणूस 'मी किल्ल्या घरी राहिलो' अशा धर्तीचे वाक्य बिनदिक्कत बोलून दोष स्वतःकडे घेतो. अकादमीला हा प्रयोग मान्य नाही. शिक्षक तो खोडतात, आणि लोक तो बोलतात.