गंधकावर जगणारे जीव

दिवाळीच्या फटाक्यांचा जो उग्र वास नाकात शिरून ठसका लागतो, तो जळलेल्या गंधकाचा. गंधक जाळायला आपल्याला काडी ओढावी लागते. पण काडीवाचून, ज्योतीवाचून गंधक जाळून त्यावर पोट भरणारे जीव आपल्या मातीत आहेत, असे सांगितले तर पुष्कळांना ती थाप वाटेल. मी ते पुस्तकात वाचले होते. त्याची निकड मात्र राळेगावला कळली.

राळेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. काळी, चुनखडीची जमीन. कपाशी, तूर आणि सोयाबीन ही पिके. तिथे माझ्या आतेभावाची शेती आहे. ऐन श्रावणात गेलो, तर त्याच्या सोयाबीनची खालची पाने हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी! नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी पडतात, कारण झाड तिथले नत्र काढून शेंड्याला पुरवते. गंधकाच्या बाबतीत झाडाला ही सोय फारशी नाही. पानांच्या शिरा हिरव्या राहिल्या असत्या, तर मी लोहाच्या कमतरतेचा संशय घेतला असता. पण पान सरसकट पिवळे होते.

“गंधक टाकून महिना झाला ना दादा, पैसा तं गेला! मंग फरक काहून नाही?” त्याने विचारले.

गोम अशी, की झाडाचे मूळ पिवळे गंधक शोषूच शकत नाही. त्याला हवे असते पाण्यात विरघळलेले सल्फेट, आणि हे रूपांतर करतात ते मुख्यतः जिवाणू. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाला गंधकयुक्त पाण्यातल्या जिवाणूंच्या तंतूंत गंधकाचे कण दिसले. जिवाणूंची उपासमार केली, की ते कण नाहीसे होत! 1887 साली त्याने दाखवले, की हे जीव गंधक जाळून शक्ती मिळवतात. ना अन्नाचा घास, ना सूर्याचा प्रकाश! पुढे 1922 साली अमेरिकेत वॅक्समन आणि जॉफी यांनी मातीतला थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स वेगळा काढला. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनसाठी 1952 चे नोबेल मिळाले, तेच हे वॅक्समन.

हा पठ्ठ्या तेजाबातसुद्धा सुखाने नांदतो. चुनखडीच्या जमिनीत त्याच्यापेक्षा त्याचे सौम्य भाऊबंदच अधिक राबतात. पण तयार होते ते गंधकाम्लच. 32 किलो गंधकाचे 98 किलो! ऐकून आतेभाऊ दचकला. घाबरण्याचे कारण नाही. हेक्टरी वीस-तीस किलो गंधक टाकायचे, आणि हेक्टरभर जमिनीचा वीतभर थर भरतो सुमारे 20 लाख किलो. शिवाय चुनखडी ते आम्ल जागच्या जागी गिळते आणि त्याचे जिप्सम होते.

मग घोडे अडले कुठे? या जिवांना ऊब हवी, ओल हवी आणि हवाही हवी. सततच्या पावसाने काळी जमीन चिबडली, की हवा कोंडते आणि काम थांबते. त्यात याने टाकल्या होत्या जाड गोळ्या, त्याही तासात गाडून. पूड जितकी बारीक, तितकी जिवाणूंना बसायला जागा जास्त. पेरणीआधी तीन-चार आठवडे गंधक टाका, असे सांगतात खरे. पण ते बागायती शेतात शोभते. कोरडवाहू राळेगावात मे महिन्यात जिवाणूंना ओल आणायची कुठून?

पूर्वी ही कटकट नव्हती. साध्या सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर शेकडा अकराच्या आसपास गंधक, तेही सल्फेटच्या रूपात, फुकटात येई. डीएपीत स्फुरद भरपूर, गंधक मात्र जवळजवळ नाहीच. सोयाबीनच्या दाण्यातल्या प्रथिनांना गंधक लागते, म्हणजे तोटा थेट उताऱ्यात.

त्या हंगामापुरते जिप्सम टाकायचे आणि पुढच्या पेरणीला सुपर फॉस्फेट वापरायचे, असे आम्ही ठरवले. मग तासातले एक ढेकूळ फोडून पाहिले. पिवळ्या गोळ्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. “म्हणजे हे हरभऱ्याला लागू पडते म्हणता?” त्याने विचारले. पडेल, पण आधी चर काढून शेतातले पाणी बाहेर काढ, असे मी त्याला सांगितले.