धरमतरची आगबोट

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अंबा नदीवरचा पूल येतो. इथलं धरमतर बंदर म्हणजे एके काळी पेण-रोह्याकडच्या माणसांचा मुंबईला जायचा दरवाजा. त्या दरवाजाची किल्ली आगबोटीकडे होती.

तिच्याआधी सगळी भिस्त शिडांवर. पेणजवळ अंतोऱ्याचं बंदर, रोह्याला कुंडलिका. मचवे आणि पडाव भात, मीठ भरून मुंबईची वाट धरत. पण भरती हवी आणि वाराही हवा. भरतीचं गणित तिथीवरून मांडता येतं, ती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते एवढंच. वाऱ्याचं गणित मात्र कुणाला मांडता येणार? तो पडला की उतारू खाडीतच अडकले. आगबोटीने ही वाऱ्याची मिजास मोडली. बॉयलरमध्ये कोळसा पेटला की समोरून वारा असला तरी ती निघायची, आणि केव्हा पोचणार हे आधी सांगता यायचं. आजाऱ्याला मुंबईच्या डॉक्टरकडे नेणाऱ्याला याची किंमत विचारावी!

1883 साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा गॅझेटियरमध्ये शेफर्ड कंपनीच्या आगबोटींची नोंद आहे. करंजा, रेवस करत त्या धरमतरला येत. पुढे नागोठणे, कोलाड, माणगाववरून महाडपर्यंत सडक; रोहेकर कोलाडकडून तिला येऊन मिळत. आजचा मुंबई-गोवा महामार्ग नागोठण्यापासून पुढे बराचसा याच वाटेवर आहे. रेल्वे खोपोलीला 1856 मध्येच आली होती, पण पेणकरांना त्यासाठी उलट्या दिशेने घाटाच्या पायथ्याशी जावं लागे. रोह्याला तर रेल्वे पोचली 1986 साली.

आगबोटीलाही खाडीचं ऐकावंच लागे. अंबेचं पात्र गाळाचं, दोन्ही काठांना तिवरांची दाटी. ओहोटीला पाणी ओसरलं की उरतो तो घोटाभर, कधी गुडघाभर चिखल. कोकणातल्या अशा कितीतरी बंदरांत धक्क्यापर्यंत बोट येतच नसे. होडी पुढे जायची, बायका-पोरांना खलाशी खांद्यावरून उतरवायचे. सारंग, तांडेल, खलाशी यांच्या हाताच्या आणि डोळ्यांच्या सवयीवर हा प्रवास चाले. कंपनीचं नाव कागदावर राहिलं, त्यांचं राहिलं नाही, ही माझी खरी खंत आहे.

या जलमार्गाने दुःखही दिलं. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग-पेण पट्ट्यातल्या जुन्या घरांत तिचं नाव अजून निघतं. त्या आधीच्या साठ-सत्तर वर्षांच्या रोजच्या, सुखरूप फेऱ्यांबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट नेणारी रो-रो बोट सुरू आहे. पाण्याची वाट अजून उपयोगी आहे, याला आणखी पुरावा कशाला? धरमतरला जुन्या आगबोटींची माहिती देणारा एक फलक तरी लागायला हवा. पेण-रोह्याच्या कुणा घरात बोटीचं तिकीट, पावती, फोटो किंवा खलाशी आजोबांची एखादी खूण उरली असेल, तर ती रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयाला द्या.