कात्री सर्वांत शेवटी

सदरा शिवायचा तर आधी माप, मग कापड बेतणं, मग शिवण, शेवटी काज-बटण नि इस्त्री. शिकवायची वेळ आली तर तुम्ही-आम्ही याच क्रमाने शिकवू. लायबेरियातल्या शिंप्यांनी हा क्रम चक्क उलटा लावला होता.

१९७०च्या दशकात जीन लेव्ह ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राजधानी मनरोव्हियात वाई आणि गोला जमातींच्या शिंप्यांमध्ये जाऊन बसली. (ही वाई कृष्णाकाठची नव्हे.) तिथे नव्या पोराच्या हाती कपडा यायचा तो जवळजवळ तयार झालेला. हातशिलाई कर, बटणं लाव, इस्त्री मार. मग केव्हातरी मशीनवरची शिवण. कात्री सर्वांत शेवटी.

यात सोय तर आहेच. बटण वाकडं बसलं तर दोरा तोडता येतो, शिवण उसवता येते. कापड चुकीचं कापलं की गेलं. पण खरी गंमत पुढे आहे. इस्त्री फिरवताना पोराचा हात प्रत्येक शिवणीवरून जातो. कुठला तुकडा कुठे जोडलाय, आत किती कापड दुमडलंय, हे नकळत ध्यानात येतं. मशीनवर बसला की ते तुकडे तसेच का कापले, तेही उमगतं. पाटलोणीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा मोठा का, हे जोडताना आपोआप कळतं. म्हणजे कात्री हातात येईस्तोवर प्रत्येक काप पुढे कुठे जाणार, हे त्याला ठाऊक असतं! कपड्यांचीही अशीच चढण: आधी टोप्या नि पोरांच्या चड्ड्या, शेवटी ‘हायर हाइट्स’ हा रुबाबदार सूट.

आपल्याकडेही शिंप्याच्या दुकानातला पोऱ्या काज-बटणापासूनच सुरुवात करतो, आणि मास्तरांच्या कात्रीला हात लावायची त्याची टाप नसते.

मग शिकवतं कोण? उस्ताद समोरच काम करत असतो, पण समजावत फारसा बसत नाही. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१च्या ‘सिच्युएटेड लर्निंग’ या पुस्तकात म्हटलंय की उमेदवार बहुतेक वेळा एकमेकांकडूनच शिकतात. मला हे पटतं. उस्तादाच्या हाताला सगळं इतकं सवयीचं झालेलं असतं की अडतं कुठे, हेच त्याला आठवत नाही. एखादी पायरी पुढे असलेला पोरगा मात्र परवाच तिथे अडखळलेला असतो, आणि त्याला विचारायला लाजही वाटत नाही.

त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या सुपरमार्केटमधल्या शिकाऊ खाटिकांची हकिगत आहे. तिथे त्यांना मांस वेष्टनात बांधायच्या यंत्रापाशी उभं केलेलं. कसलेले कारागीर मांस कापत ते दुसऱ्या खोलीत, नजरेआड. या पोरांना वर्ग होते, रीतसर अभ्यासक्रम होता. वर्गात सुऱ्यांना धार लावायला शिकवत. दुकानात धार लावलेल्या सुऱ्या बाहेरून तयार येत.