हार्ड डिस्क आजारी पडते तेव्हा

मुलांनो, तुमच्या घरी जुना संगणक आहे का? कधी त्याच्या आतून 'टक्‌टक्, टक्‌टक्' असा आवाज येतो. एरवी क्षणात उघडणारी फाइल उघडायला पाच मिनिटे लागतात. मधेच पडदा निळा होतो आणि संगणक बंद पडतो. अशा वेळी हार्ड डिस्क बिघडली असण्याची शंका घ्यावी.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची स्मरणपेटी. धातूच्या बंद डबीत गुळगुळीत, चकचकीत तबकड्या असतात. घरच्या संगणकात त्या बहुधा मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक लहानसा हात मागेपुढे सरकतो. त्याच्या टोकाला 'हेड' असते. ते चुंबकीय खुणा लिहिते आणि वाचते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकत असे. हेड मात्र टेकत नाही. ते हवेच्या पातळ थरावर तरंगते. हेड आणि तबकडी यांतले अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते! म्हणून धुळीचा कण किंवा जोराचा धक्काही घातक ठरतो. हेड तबकडीवर घासले, की तिथली माहिती कायमची जाते. बिघडलेल्या हेडला खुणा सापडत नाहीत. मग ते पुन्हापुन्हा मूळ जागी परत येते. टकटक होते ती त्याचीच.

पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीने 1956 साली आणली. तिच्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या. एवढ्या मोठ्या यंत्रात मावत असत फक्त पन्नास लाख अक्षरे! आज मोबाइलवरचा एखादा फोटोही तेवढी जागा घेतो.

डिस्क कुरकुरू लागली, की बरेच लोक आधी दुरुस्तीचा प्रोग्राम चालवतात. तसे करू नका. तो प्रोग्राम तासन्‌तास डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतो. पाय मुरगळलेल्या माणसाला शर्यतीत पळवावे, तसेच हे! आधी माहितीची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढा. अब्बांच्या दुकानाचा हिशोब, बाजीच्या निकाहाचे फोटो पुन्हा मिळणार नाहीत. ते प्रथम घ्या. सिनेमे आणि खेळ राहिले तरी चालतील. टकटक थांबतच नसेल आणि डिस्क दिसतही नसेल, तर संगणक लगेच बंद करून ती जाणकाराकडे न्या.

प्रत निघाली, की तपासणीला लागा. संगणक बंद करा, प्लग काढा आणि डिस्कच्या दोन्ही वायरी नीट बसल्या आहेत का ते मोठ्यांच्या मदतीने पाहा. कधीकधी सैल वायरच सगळा गोंधळ घालते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. नोंदीत खराब जागांची संख्या वाढत असेल, तर नवी डिस्क घ्यावी.

काही जण डिस्क फ्रीजमध्ये ठेवायला सांगतात. ऐकू नका, आत पाणी धरते. डबी उघडूनही पाहू नका.

नव्या संगणकांत बहुधा एस.एस.डी. असते. तिच्यात तबकडी नाही, हात नाही, म्हणून टकटकही नाही. बिघडली तर ती कधीकधी एकाएकी बंद पडते. तिच्यातल्या फोटोंची प्रत आधीच काढून ठेवावी लागते.