पाच नखांचा नखरा: भेटा चिनी ड्रॅगनला!

सांगा बरं, ड्रॅगन कोणत्या देशाच्या झेंड्यावर आहे? चीनच्या? चूक! चीनच्या लाल झेंड्यावर पाच पिवळे तारे आहेत, ड्रॅगनचं शेपूटसुद्धा नाही. राष्ट्रचिन्हावरही तिआनमेन, तारे, धान्याची कणसं आणि दातेरी चक्र. ड्रॅगन फडकतो तो भूतानच्या आणि वेल्सच्या झेंड्यावर. तरीही ड्रॅगन म्हटलं की अख्ख्या जगाला आठवतो तो चीनच!

आधी स्पेसिफिकेशन्स बघू. हॉलिवूडचा ड्रॅगन पंख फडफडवतो आणि आग ओकतो. चिनी ड्रॅगनला बहुधा पंखच नसतात, तरी गडी ढगांत मस्त विहरतो. आणि त्याचं खातं आगीचं नाहीच, पाण्याचं! जुन्या वर्णनांप्रमाणे शिंगं हरणाची, डोकं उंटाचं, मान सापाची, खवले कार्प माशाचे, नखं गरुडाची, पंजे वाघाचे, कान बैलाचे. खवले किती? 117! त्यांतले 81 यांग, 36 यिन. हिशेब चोख.

पाऊसपाण्याचा मंत्री म्हटल्यावर जाब तर द्यावाच लागणार. पाऊस दडी मारून बसला की चीनच्या कित्येक गावांत लोक ड्रॅगन राजाची मूर्ती देवळातून उचलायचे आणि थेट रणरणत्या उन्हात नेऊन ठेवायचे. घे, तूही भाजून निघ!

वय विचारताय? 1987 मध्ये हेनान प्रांतातल्या पूयांगला एक प्राचीन कबर सापडली. सांगाड्याच्या एका बाजूला वाघ, दुसऱ्या बाजूला ड्रॅगन, आणि दोन्ही शिंपल्यांच्या रांगोळीसारखे जमिनीवर मांडलेले. किती जुने? सहा हजार वर्षांहून जास्त! पूयांग तेव्हापासून ड्रॅगनचं गाव म्हणून मिरवतं.

आता येऊया नखांवर, कारण खरा नखरा तिथेच आहे. माहीत आहे का, चीनमध्ये एका जास्तीच्या नखाने माणूस गोत्यात येऊ शकत होता? युआन राजवटीपासून पाच नखांचा ड्रॅगन म्हणजे बादशहाची मक्तेदारी. सरदार-दरकदारांनी चार नखांवर भागवायचं. मग पाच नखांची वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली तर? सोप्पं, नख कापा! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मिंग काळातलं लाखकामाचं एक देखणं लाल टेबल आहे. त्यावरच्या ड्रॅगनांचं पाचवं नख कुणीतरी चक्क खरवडून काढलंय. भरजरी अंगरख्यांवरच्या ड्रॅगनांचंही एकेक नख असंच उसवलेलं दिसतं. शाही मॅनिक्युअर!

बादशहाच्या घरी मात्र ड्रॅगनचा पूर आलेला. बीजिंगच्या राजवाड्यात तीन मुख्य महालांखाली संगमरवरी चौथरे आहेत आणि त्यांच्या कडांना ड्रॅगनची हजाराहून जास्त मुंडकी. ही शोभेची नाहीत, त्यांच्या तोंडांत पन्हळी आहेत. धो धो पाऊस आला की सगळी एकदम पाण्याच्या चुळा टाकतात! तिथल्याच एका जिन्यामधली कोरीव शिळा दोनशे टनांहून जड आहे, वर खेळणारे ड्रॅगन नऊ. राजवाड्यासाठी असे राक्षसी दगड कसे आणायचे, माहीत आहे का? कडाक्याच्या थंडीत, वाटेवर पाणी ओतून बर्फ करायचा आणि घसरगाडीवरून ओढायचं.

क्विक बाइट: चीनचं पहिलं टपाल तिकीट आलं 1878 मध्ये. चित्र कुणाचं? अर्थात ड्रॅगनचं! संग्राहक त्याला आजही 'लार्ज ड्रॅगन' म्हणतात.

आणखी एक: ड्रॅगनला पोरं नऊ, तऱ्हा नऊ. एकाला ओझं उचलायची हौस, म्हणून शिलालेखांच्या तळाशी तो. एकाला संगीताचं वेड, तो वाद्याच्या टोकावर. माझा लाडका पूलाओ. (जेवणातला नव्हे हं!) हा देवमासा दिसला की जीव खाऊन किंचाळतो. म्हणून त्याला बसवला घंटेवर आणि घंटा वाजवायच्या दांड्याला आकार दिला देवमाशाचा. आता आवाज घुमणार नाही तर काय!

धक्का द्यायची वेळ झाली. चीनमध्ये लोक ड्रॅगनची हाडं औषध म्हणून कुटून खायचे! जमिनीतून निघालेली जुनी हाडं आणि जीवाश्म दुकानांत 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकले जायचे. 1899 मध्ये वांग यिरोंग या विद्वानाने ओळखलं, की अशा काही हाडांवर चक्क प्राचीन अक्षरं कोरलेली आहेत. ती निघाली शांग राजवटीची, तीन हजार वर्षांपलीकडची! चिनी लिपीचे सगळ्यात जुने भरघोस पुरावे लोकांच्या पोटात जात होते. आणि 1935 मध्ये हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात फॉन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला एक भलीमोठी दाढ मिळाली. ती होती जायगँटोपिथेकसची, म्हणजे आजवर माहीत असलेल्या सगळ्यात अवाढव्य वानराची. ड्रॅगन मिळाला नाही, पण किंगकाँग मिळाला!

पण या चरित्रातला सगळ्यात भारी ट्विस्ट माझ्या मते वेगळाच आहे. दोन हजार वर्षं ड्रॅगन बादशहाचा होता. 1912 मध्ये बादशाही गेली, तिचा पिवळा ड्रॅगनवाला झेंडाही उतरला. आणि मग? 1978 च्या शेवटी अमेरिकेने तैवानशी राजनैतिक संबंध तोडून बीजिंगला मान्यता द्यायचं ठरवलं, तेव्हा तैवानमधल्या हौ द-जिएन या तरुणाने अस्वस्थ होऊन 'ड्रॅगनचे वारस' हे गाणं लिहिलं. तैवानमध्ये ते गाजलंच, पुढे चीनमध्येही सुपरहिट! ज्याच्या एका नखासाठी सामान्य माणसाने घाबरायचं, तो ड्रॅगन आता त्याच सामान्य माणसाचा पूर्वज झाला. राज्य बुडालं, पण ड्रॅगनला प्रमोशन मिळालं. मला तर हे वाचून अंगावर काटा आला!

आता घराघरांत त्याचीच चलती. चिनी राशीचक्रातल्या बारा प्राण्यांत काल्पनिक एकटा ड्रॅगनच, म्हणून त्याच्या वर्षात बाळ हवं अशी केवढी हौस. 2023 मध्ये चीनमध्ये 90.2 लाख बाळं जन्मली. 2024 च्या ड्रॅगन वर्षात? 95.4 लाख! बरीच वर्षं घसरणारा आकडा चढला. पुढचा नंबर 2036 ला.

माहीत आहे का, चिनी पंचांगाच्या पहिल्या महिन्यात केस कापले तर मामा मरतो असं म्हणतात? भाचे बिचारे झिपऱ्या वाढवून बसतात. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी ड्रॅगन डोकं वर काढतो आणि सलूनबाहेर ही रांग! मामा सेफ, भाचा स्मार्ट.

हाँगकाँगच्या रिपल्स बे इथल्या एका उंच इमारतीच्या मधोमध भलंमोठं चौकोनी भोक आहे. लोक सांगतात, डोंगरातल्या ड्रॅगनला समुद्रावर जायला वाट नको का? किनाऱ्यावरचे करोडोंचे फ्लॅट एक तरफ, ड्रॅगनची वाट एक तरफ!

आणि सिनेमा? 2025 मध्ये 'न झा 2' हा जगातला सर्वाधिक कमाईचा ॲनिमेशनपट ठरला. त्यात हिरो न झाचा जिगरी दोस्त कोण? पूर्व समुद्राच्या ड्रॅगन राजाचा मुलगा आओ बिंग! जुन्या कथेत न झा याच आओ बिंगला ठार मारतो, नव्या सिनेमात दोघं खांद्याला खांदा लावून लढतात. आता शेवटचा बॉम्ब. हा न झा मूळचा कोण, माहीत आहे का? अभ्यासक सांगतात, आपल्या कुबेराचा मुलगा नलकूबर! हो हो, नारदाच्या शापाने झाड झालेला आणि बाळकृष्णाने उखळ ओढत नेऊन सोडवलेला तोच. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला पोचला आणि तिथला सुपरस्टार झाला!