गाडीचे तेल : दाट की पातळ?

सोलापूरचा मे महिना. पारा चव्वेचाळिशीला टेकलेला. माझ्या लहानशा पेट्रोल गाडीचे तेल बदलायचे होते. मिस्त्री म्हणाला, ‘‘चाचा, ऊन बघताय ना? जरा जाड तेल टाकू. इंजिन जपेल.’’ मला पटले. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिले होते. आम्ही २०डब्ल्यू-५० ओतले. डिसेंबर आला, तशी पहाटे गाडी सुरू केली की इंजिनातून काही क्षण टकटक ऐकू येऊ लागली. लिटरमागे किलोमीटरही घटले. एकेका शब्दासाठी रात्र घालवणारा मी, इथे डब्यावरचे चार आकडे न वाचताच मान डोलावून बसलो होतो!

मग ते आकडे समजून घेतले. तेलाच्या दाटपणाला शास्त्रीय मराठीत श्यानता म्हणतात. थंडीत काकवी बरणीतून हलत नाही, तापवली की धार धरते. तेलाचेही तसेच. दाटपणाचे हे क्रमांक अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ मध्ये प्रथम ठरवले. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत चटकन वाहते. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. तो १०० अंशांना मोजतात. म्हणजे ३० किंवा ५० हे तापमान नव्हे, दाटपणाची पायरी आहे.

मग आपल्या उन्हाचे काय? बाहेर ४४ अंश असोत की १४, तापलेल्या इंजिनातले पाणी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून नव्वदीच्या आसपास राखतात. उन्हाने फरक पडतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. खरा प्रश्न आतल्या फटींचा. बेअरिंगमधली फट किती, पंपाचा दाब किती, यावर कंपनी तेल ठरवते. फार पातळ तेलाचा थर दाबाखाली तुटतो आणि धातूला धातू घासतो. फार दाट तेल अरुंद वाटांतून उशिरा पोचते, आणि ते ढकलण्यात पेट्रोल जळते. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. ते वर चढेपर्यंतच्या क्षणांत इंजिन जास्त झिजते. माझी टकटक त्या क्षणांतली होती.

जुने, तेल पिणारे इंजिन असेल तर एक पायरी दाट तेल घेता येते. पण पुस्तकात तशी मुभा असेल तरच. काही पुस्तकांत हवामानानुसार तक्ताच दिलेला असतो.

पुढच्या खेपेला मी पुस्तक घेऊनच गेलो. मिस्त्रीने पान पाहिले, हसला आणि ५डब्ल्यू-३० चा डबा काढला. टकटक थांबली. तुमच्याही गाडीच्या कप्प्यात ते पुस्तक असेल. तेल बदलण्याआधी ते एकदा उघडा.